खुळखुळ

शर्टाची बटणं फार बारीक वाजत होती, कोटाची फार जड. आईने बाटली कानाशी धरून हलवली, दोन काढली, उशीच्या अभ्र्याची चपटी पांढरी थोडी टाकली, पुन्हा हलवली. आता बरं वाजलं. जवळजवळ गोळ्यांसारखं.

पडद्याआड मुलगी अंघोळ करत होती. अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येतोय तोवर वेळ होता. मध्येच तो थांबला. आई तशीच बसून राहिली. मग पाणी पुन्हा पडायला लागलं.

आईच्या बाटलीतल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या आता मुलीच्या बाटलीत होत्या. दोघींनाही एचआयव्ही, दोघींची गोळी एकच. गोळ्या फुकट मिळायच्या त्या केंद्राच्या दाराला कुलूप होतं. बाहेरून येणारा पैसा थांबला म्हणून औषध थांबलं, एवढंच तिथल्या वॉचमनला ठाऊक होतं. केंद्रातल्या ताईंचा फोन बंद. औषधाच्या दुकानदाराने गोळीचं नाव ऐकलं, मान हलवली आणि तिच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागला.

अर्धी अर्धी वाटून घ्यावी, तर तेही नाही. ताई नेहमी सांगायच्या, अर्ध्या गोळीने हा रोग दबत नाही, उलट शहाणा होतो, मग पुऱ्या गोळीलाही जुमानत नाही. मग तो दोघींच्याही अंगात शहाणा झाला असता.

मुलगी बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं आणि शाळेचा शर्ट गळ्याशी उघडा होता.

"वरचं बटण तुटलंय. घरात बटणांचे डोंगर आणि मी बघ कशी फिरतेय!"

"काल सांगायला तोंड नव्हतं का, बाईसाहेब?"

"काल तुझा चेहरा एवढासा झाला होता. कोण सांगणार?"

आई हसली. बटणं लावायला कारखान्यातून आलेल्या शर्टांचा गठ्ठा तिने पायाने बाजूला सरकवला. दोघी समोरासमोर बसल्या. रोजचा नियम ठरलेला होता. गोळी जिभेवर, पेल्याला पेला टेकवायचा, एक मोठा घोट, आणि मग एकमेकींची जीभ तपासायची. मुलगी लहान असताना गोळी गालात दडवून खिडकीबाहेर थुंकायची, तेव्हा आईनेच हा नियम काढला होता. "तू पण दाखव" म्हणून मुलगी हटून बसली, तेव्हा तो आईलाही लागू झाला.

आईने आपली बाटली उघडली, तळहाताच्या आडोशाने एक बटण जिभेवर ठेवलं आणि पेला उचलला.

"थांब," मुलगी म्हणाली. "आज बाटल्या बदलू."

बटण आईने गालात सरकवलं. "का गं?"

"गंमत."

"गंमत नको. शाळेला उशीर होतोय."

"माझी बाटली जड का लागतेय?"

"मनगटं बघ तुझी, काड्या झाल्यात. खात नाहीस, मग सगळंच जड लागतं."

मुलीने आपल्या बाटलीतली एक गोळी काढली आणि आईच्या तोंडापुढे धरली. "मग ही घे. एकच. माझ्यासमोर. मग मी माझी घेते."

"वेडेपणा करू नकोस."

"घे ना, आई."

"गिळ म्हणते ना!"

हा आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला. मुलगी हलली नाही. गोळी तशीच पुढे धरलेली.

आईने ती गोळी हिसकावली, मुलीचा जबडा धरला, गोळी आत सारली आणि तोंडावर हात दाबला. पेला कलंडला. पाणी गठ्ठ्याखाली शिरलं, खालचे शर्ट भिजायला लागले. तिने तिकडे बघितलं नाही. दुसऱ्या हाताने ती मुलीचा गळा वरून खाली कुरवाळत होती. तान्ही असताना कडू औषध पाजताना कुरवाळायची, तस्साच.

"गिळ. गिळ माझी बाई. तू गिळलीस की मीच गिळल्यासारखं आहे गं. गिळ."

मुलीच्या डोळ्यांतलं पाणी आईच्या बोटांवरून मनगटापर्यंत गेलं. मग बोटांखालचा गळा हलला.

आईने हात काढला. तिच्या बोटांचे वळ मुलीच्या गालावर उमटले होते. ते तिने पदराने पुसले, जणू पुसून जातील.

"आ कर."

मुलीने जीभ बाहेर काढली. जीभ साफ होती.

"शहाणी माझी."

"आता तू."

इतक्या वर्षांची सवय. आईने तोंड उघडलं, जीभ पुढे केली. त्या झटापटीत पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं. जिभेबरोबर बटणही पुढे आलं. पांढरं, चार भोकांचं.

मुलगी बघत राहिली. तिने ते दोन बोटांनी उचललं, आपल्या शर्टाला पुसलं आणि आईच्या बाटलीत टाकलं. मग झाकण लावून बाटली कानाशी नेली आणि हलवली.

"गोळ्या अशा वाजत नाहीत, आई. मला पडद्याआडून ऐकू येत होतं."

फळीवर कापसाचा बोळा होता. केंद्रातून घरी येताना बसमध्ये कुणाला खुळखुळ ऐकू जाऊ नये म्हणून दोघी तो बाटल्यांमध्ये कोंबायच्या. मुलीने त्यातला चिमूटभर कापूस तोडला, आईच्या बाटलीत बोटाने दाबून भरला, झाकण घट्ट केलं.

पुन्हा हलवून बघितली. काहीच वाजलं नाही.