पान दोनशे बारा

पेनड्राइव्ह त्याने साहेबांच्या टेबलावर परत ठेवला.

"अहो, यात परीक्षेचे चारशे प्रश्न आहेत, उत्तरांसकट," साहेब म्हणाले. वयाने ते त्याच्या मुलीएवढे. "कुठून आले ते विचारू नका. पाठ करा, महिन्याभरात सर्टिफिकेट हातात. सगळे तेच करतायत, तारकाका."

"मी नाही करणार."

"का?"

"दुसऱ्याने लावलेल्या चिठ्ठीवर मी कधी भरवसा ठेवला नाही. केबलवर लिहिलेलं असतं चौथा मजला आणि ती निघते तळमजल्यावर. मी दोन्ही टोकांना टेस्टर लावतो. मगच पुढचं."

ऑफिसात त्याला सगळेच तारकाका म्हणत. चारही मजल्यांवरची नेटवर्कची केबल त्याने स्वतः ओढली होती. आता नवे मालक आले होते आणि त्यांचा नवा नियम आला होता. सर्टिफिकेट नसेल त्याने सर्व्हर रूममध्ये पाऊल ठेवायचं नाही. नापास झाला तर त्याची रवानगी गोदामात, मोडक्या खुर्च्या सांभाळायला.

"मग अभ्यास कशातून करणार?"

त्याने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. साहेबांनी हसू दाबलं.

"काका, ही जुनी आवृत्ती. आणि सगळं इंग्रजीत. तुम्ही दहावी तरी..."

"नापास. दोनदा. इंग्रजीतच."

"पुस्तक चाळून होणारी परीक्षा नाही ही. निदान एखादा क्लास तरी लावा."

"बघतो," तो म्हणाला. पुस्तक पिशवीत गेलं. पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला.

पुस्तक बायकोचं होतं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. गल्लीतला दूधवालासुद्धा तिला बाई म्हणायचा. गेल्या वर्षी नियमाचा कागद पहिल्यांदा आला तेव्हा ती होती. त्याने तो चुरगाळून टोपलीत टाकला होता. "या वयात हे माझ्याच्याने व्हायचं नाही." तिने कागद उचलला, मांडीवर सरळ केला, वाचला. आठ दिवसांनी हे पुस्तक घेऊन आली.

"मीच देते ही परीक्षा. निवृत्त झाल्यावर काहीतरी नको का?"

तो पोट धरून हसला. "खडू टाकून पक्कड धरणार?"

"धरीन की."

मग रोज जेवताना तिचे प्रश्न सुरू झाले. "अहो, रॅक म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"अगं, बावीस वर्षं रॅकमध्येच डोकं खुपसून बसलोय."

"आणि क्रिम्पिंग?"

केबलच्या टोकाला कनेक्टर कसा दाबून बसवायचा ते तो घास ठेवून हाताने करून दाखवायचा. बाईंना आपण शिकवतोय याची त्याला मोठी ऐट. एखादा शब्द मात्र त्याला यायचा नाही. "असू दे," ती म्हणायची आणि जेवायला लागायची.

मग तिचं दुखणं आलं. पुस्तक दवाखान्यात उशाशी गेलं. शब्दांवर अर्थ लिहिणारी तिची पेन्सिल दोनशे बाराव्या पानावर थांबली. पुस्तक घरी परत आलं, ती आली नाही.

रविवारी सकाळी मुलगी नवी आवृत्ती घेऊन आली. "बाबा, हट्ट पुरे. यातून वाचा. त्यातलं निम्मं जुनं झालंय."

"तुझ्या आईची राहिलेली परीक्षा आहे ही. तिच्याच पुस्तकातून देणार."

"आणि नापास झालात तर?"

"तर गोदामात जाईन. पण मान ताठ ठेवून जाईन."

मुलीने हात टेकले. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ती काय काय बदललंय ते दाखवायला लागली. मध्येच तिचं बोट थांबलं.

"बाबा, आईने 'ऑलदो'वर 'जरी' असं लिहून ठेवलंय."

"'व्हेदर'वर पण आहे. प्रत्येक ओळीत आहे. त्या आधारानेच तर मी पुढे सरकतोय. कॉम्प्युटरचं इंग्रजी वेगळं असेल, म्हणून लिहिलं असेल तिने."

"'ऑलदो' सगळीकडे 'ऑलदो'च असतं. ते चुकलं म्हणून आईने मला शंभर वेळा लिहायला लावलंय." ती भराभरा पानं उलटत गेली. "आणि हे बघा. 'क्रिम्पिंग' कोरं. 'रॅक' कोरं. 'पॅच पॅनल' कोरं. एवढे अवघड शब्द, आणि त्यांच्यावर काहीच नाही. हे शब्द आईला कुठून येणार? आपल्या घरात हे कोणाला येतात, बाबा?"

त्याने चष्मा पुसला. पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि दोनशे बारावं पान काढलं. तळाच्या ओळीत 'नेव्हरदलेस' या लांबलचक शब्दावर वाकडंतिकडं, थरथरलेलं अक्षर होतं. 'तरीही.'

मग त्याने हात पुढे केला.

"पेन्सिल आण. डिक्शनरी पण. आणि ते तुझं नवीन पुस्तक इथेच राहू दे. बदललंय तेवढं त्यातून उतरवून घेतो."

सोमवारी साहेबांनी त्याला जिन्यात गाठलं. "काय तारकाका, देऊ का पेनड्राइव्ह? अजून वेळ गेलेली नाही. का लावलात एखादा क्लास?"

त्याच्या कानावर पेन्सिल खोचलेली होती.

"क्लास वर्षापूर्वीच लागला होता, साहेब. मलाच उशिरा कळलं," तो म्हणाला. "बाई फार कडक आहेत. त्यांना कॉपी चालत नाही."