कळण्याचं शुल्क

मुदत संपायला चाळीस मिनिटं उरली होती आणि रेवूबाईंना अजून काहीच कळलं नव्हतं.

पेटंट कार्यालय आता पैसे घेत नसे. परदेशात नोंदलेला शोध इथं आणायचा, तर चिठ्ठीनं निवडलेल्या एका माणसाला तो समजला पाहिजे, एवढंच शुल्क. मैथिली सोनटक्केच्या वाट्याला गजरे विकणाऱ्या रेवूबाई खरात आल्या होत्या.

“पोरी, तू मराठीतसुद्धा इंग्रजीच बोलतेस,” त्या म्हणाल्या.

मैथिलीनं कागद बाजूला सारले आणि आपला शोध, लस गार ठेवणारा डबा, त्यांच्या हातात दिला. “हात लावून बघा. वीज नाही, बर्फ नाही. ओल बाहेर उडते, म्हणून आत गार.”

“अगं, हा तर आमचा माठ!”

अधिकारी दाभाड्यांनी पेन उचललं. वस्तू जुनीच ठरली, तर अर्ज इथंच निकालात निघणार होता.

रेवूबाईंनी डबा उलटा करून झटकला. “पण माठात पाणी ओतावं लागतं. यात कुठनं ओततेस?”

“ओतत नाही. रात्री तो हवेतली ओल पितो.”

“म्हणजे माठ आटतो, हा आटत नाही! मी शिंपडायला नसले तरी फुलं टिकतील.”

“शुल्क भरलं,” म्हणत दाभाड्यांनी शिक्का मारला. “वकिलाला हेच सांगायला अकरा पानं लागली होती.”

मैथिली महिन्याभरानं मोकळं हसली आणि डब्यासाठी तिनं हात पुढं केला.

रेवूबाईंनी त्यात ओंजळभर मोगरा घालून झाकण लावलं. “उद्या संध्याकाळी ये न्यायला. खरं बोलतेस का, बघते.”