अर्ध्याहून कमी

मास्तरांनी फळ्यावर गणित मांडलं. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. मग हात झटकले आणि वर्गाकडे तोंड करून उभे राहिले, चार शिव्या खायची तयारी केल्यासारखे.

रोजचाच खेळ होता तो. मास्तर मुद्दाम चुकायचे आणि पोरं तुटून पडायची. "सर, अर्ध्यात आणखी घातलं, तरी अर्ध्याहून कमी? तळाला भोक आहे का हो?" असा कालवा की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. त्या भांडणातच पोरांच्या डोक्यात गणित शिरायचं.

आज मागच्या बाकावर शिक्षण खात्याचे साहेब बसले होते. सरकारने सगळ्या शाळांना एकच छापील पाठ आणि दर आठवड्याला एकच परीक्षा लावून दिली होती. मास्तर कचेरीत जाऊन भांडभांड भांडले. साहेब काही वाईट नव्हते. म्हणाले, "एक तास दाखवा. पटलं, तर तुमचा वर्ग तुमच्या हाती."

आज एकही पोर तुटून पडलं नाही.

"नीट बघा बरं," मास्तर म्हणाले. "पटतंय का?"

"हो सर!" सगळे एका सुरात.

 मास्तर भांडायला सगळ्यात आधी उठणाऱ्या पोरीकडे वळले. तिला ते वकीलबाई म्हणायचे. "काय वकीलबाई, काही म्हणणं?"

वकीलबाईने मान खाली घातली आणि ते उत्तर मुकाट वहीत उतरवून घेतलं.

साहेब उठून बाहेर गेले. मागोमाग मास्तर.

"साहेब, मी मुद्दाम चुकलो होतो हो."

"असेल. पण एकालाही कळू नये?" साहेबांनी छापील पाठांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "उद्यापासून हेच घ्या. वाईट वाटून घेऊ नका."

मास्तर आत आले, तशी वकीलबाई उडी मारून उठली. "सर, आम्हाला कळलं होतं! मी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं, कुणी बोलायचं नाही म्हणून."

"का गं?"

"म्हणजे काय! परक्या माणसासमोर आपल्या सरांची चूक काढायची? वाचवलं की नाही तुम्हाला?"

सगळा वर्ग शाबासकीसाठी त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"वाचवलंत रे बाळांनो," मास्तर म्हणाले, आणि गठ्ठ्याची दोरी सोडायला लागले.