हिरवं बटन

सहाला दहा मिनिटं कमी होती आणि वडगावची गाडी अजून आली नव्हती.

गोदाबाईनं कढई कधीचीच उतरवून ठेवली होती. अमरावती-नांदगाव रस्त्यावरच्या फाट्यावर तिचं आलूबोंड्याचं दुकान. पहाटे चारपासून उभी होती. गुडघे असे ठणकत होते, की समोरच्या बाकड्यावर ती पोरगी बसलेली नसती तर दुकान बंद करून तिनं घर गाठलं असतं.

पोरगी म्हणजे प्रणाली. फाट्यामागच्या शाळेत नववीत. वडगावहून येणारी ती एकटीच. बाकीच्या सातवीनंतर घरी बसल्या. गाव चार किलोमीटर आत. तिचा बाप चंद्रभान रोज संध्याकाळी रश्मी मॅडमला फोन करायचा, "पोरगी गाडीत बसली काय?" रोज म्हणजे रोज. शेवटी कोडिंगच्या तासाला मॅडम म्हणाल्या, घरचीच एखादी अडचण घ्या आणि तिच्यावर ॲप बनवा. प्रणालीनं बनवलं.

त्यात दोन बटनं. पोरगी गाडीत बसली की हिरवं. गाडी आलीच नाही तर लाल. शाळेत फोन न्यायला बंदी, म्हणून बटनं राहिली गोदाबाईच्या फोनमध्ये. इथं दाबलेला रंग तिकडे चंद्रभानच्या फोनवर उमटायचा.

"अक्षरं नाही टाकली, माय," प्रणाली पहिल्या दिवशी म्हणाली होती. "तुमाले रंग सोपे जातीन."

"मले अडाणी समजली काय व? दोन बुकं शिकली मी!" गोदाबाई कडाडली होती. पण अडीच महिन्यांत एक दिवस चुकली नाही. ताप असतानाही येऊन हिरवं दाबून गेली होती.

प्रणालीनं ॲपमध्ये एक अटही घातली होती. सहापर्यंत हिरवं आलं नाही तर ॲप आपोआप लाल होईल. मॅडमनी त्यासाठी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मग चंद्रभाननं आपली अट घातली. ज्या दिवशी लाल दिसेल, त्या दिवशी शाळा संपली.

"बाबाले फोन लावू काय?" प्रणालीनं विचारलं.

"लाव न. अन् उद्यापासून भाकरी थापत बसजो."

"मंग ॲपातली थे सहाची अट काढली असती. पण त्याले कम्प्युटर लागते, अन् शाळेले कुलूप लागलं."

सहाला चार मिनिटं उरली. रस्ता रिकामा होता. गोदाबाईनं एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. फोन उचलला आणि हिरवं दाबलं.

प्रणाली ताडकन उठली. "माय, हे काय केलं! मॅडम सांगते, ॲपले डोये नसते. आपण सांगू थेच थे खरं धरते. एकडाव खोटं भरलं का बाबा त्याच्यावर कधीच भरोसा नाही ठेवणार."

"लय शिकली. उचल दप्तर."

"कुठं?"

"वडगावले. तुया बापाले हिरवं दिसलं न? मंग पोरगी घरी पोचाले पाहिजे."

गोदाबाई निघाली. इतकं आपण शेवटचं कधी चाललो, ते तिला आठवेना. दोन्हीकडे कपाशी, मधून खडीचा रस्ता. दर शंभर पावलांवर ती थांबे, कमरेवर हात ठेवी आणि शिव्या देई. गाडीला, ॲपला, मॅडमला.

"इतकी हुशार हाय तुयी मॅडम, त गुडघ्याचं ॲप काहून नाही शिकवत?"

प्रणाली हसली. पण थोडंच.

तीन किलोमीटरवर रस्ताच संपला. नाल्यावरचा पूल खोदून ठेवला होता. सकाळी गाडी त्याच्यावरूनच आली होती. आता नुसते मातीचे ढीग.

दुपारपासून आतून एकही फटफटी फाट्यावर आली नव्हती, हे गोदाबाईच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे गाडी येणार नाही हे अख्ख्या वडगावाला दुपारीच कळलं होतं. चंद्रभानलाही. आणि त्याच्या फोनवर हिरवं होतं.

ती मातीच्या ढिगावर मटकन बसली. एवढे पाय तोडून पोरीची शाळा आपणच बुडवली. प्रणालीलाही ते कळलं होतं. ती नुसती दप्तराचा पट्टा ओढत होती.

नाल्याच्या पलीकडून कोणीतरी उतरलं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चंद्रभान येत होता, कामावरून सुटला तसाच. जवळ येऊन उभा राहिला. तो तोंड उघडायच्या आत गोदाबाई कशीबशी उठली.

"काही बोलाचं असन त मले बोल. पोरीनं नाही, म्या दाबलं."

चंद्रभाननं पोरीच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला अडकवलं. मग गोदाबाईच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"पुलाचं मले बारा वाजताच समजलं," तो म्हणाला. "लाल होइन म्हणून फोन हातातच धरून होतो. अन् झालं हिरवं. गाडी त येणार नव्हती, तवाच समजलो, गोदामाय पोरीले घेऊन पायी निघाली."

गोदाबाई पुन्हा ढिगावर टेकली.

"पूल व्हाले पंधरा दिवस लागतीन, माय. लाल म्हणजे पोरगी फाट्यावर एकटी, म्हणून भेत होतो मी. थे एकटी होती कवा? तुमी उद्या चालू नका. दुकानात बसून हिरवं दाबजा, घ्याले मी येतो."