उजवा खांब

हातोडी खांबावर बसली आणि गफूर मिस्त्रीचं तोंड उतरलं. शिकवणीच्या वर्गातला डावा खांब खणखणीत बोलला होता. उजवा बद्द वाजत होता.

"सर, ह्यो आतून पोकळ हाय. गिलाव्यानं न्हाई भागायचं. फोडून भरावा लागंल, न्हाईतर छत खाली यील."

पदार्थविज्ञान शिकवावं तर दयानंद सरांनीच, असं सारं लातूर म्हणे. नांदेडहून पोरं येऊन खोल्या घेऊन राहत. पण सरांचं शास्त्र फळ्यापुरतंच.

"ऐन परीक्षेत वर्ग बंद ठेवू? गिलावा मारा, मिस्त्री. तुमची लुबना उद्यापासून पहिल्या बाकावर. फी नको."

गफूरनं मान डोलावली. लेकीला डॉक्टर झालेलं त्यालाही बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लुबना पहिल्या बाकावर बसली. सर ध्वनी शिकवत होते आणि तास सुटायची वाट बघत गफूर व्हरांड्यात सिमेंटचा माल कालवत होता. हात चालेना. किल्लारीच्या भूकंपात तो तीन दिवस ढिगाऱ्यांखाली अडकलेल्यांना शोधत फिरला होता. दगडावर तीन ठोके द्यायचे आणि कान लावायचा. दगडातून आवाज लवकर पोचतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आतून एकदाही ठोका परत आला नाही.

त्यानं थापी टाकली आणि हातोडी घेऊन भर तासाला वर्गात शिरला. दोन्ही खांबांवर तीन-तीन ठोके दिले.

"पोरांनो, पोकळ कोणता?"

दोनशे पोरं गप्प. ती शांतता गफूरच्या ओळखीची होती.

"लुबना, वडलांना बाहेर ने," सर कडाडले. "नाहीतर पुन्हा इथं पाय ठेवू नको."

लुबना उठली. दोन्ही खांबांपाशी गेली, कान लावून बोटानं ठोकून पाहिलं.

"उजवा, सर. भरीव आणि पोकळ सारखं वाजत नाही. आत्ताच तुम्ही शिकवलंत."

तिनं दप्तर उचललं. बापाच्या त्या तीन ठोक्यांची गोष्ट ऐकतच ती वाढली होती. तिनं बाकावर तीन ठोके दिले आणि दाराकडे निघाली.

मागच्या रांगेत कुणीतरी तीन ठोके दिले. मग शेजारच्यानं. मग सगळा वर्ग बाकं ठोकत उठला. सर खडू धरून ओरडत राहिले, पोरं बाहेर पडत राहिली.

दारात उभा राहून गफूर जवळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होता. या वेळी आतून उत्तर आलं होतं.