घासलेले क्रेट

"हे तर रुखवतात मांडण्यासारखे आहेत," प्लॅस्टिकच्या क्रेटवर बोट फिरवत तपासनीस बाई म्हणाल्या. "माल पोचवून सहा वेळा परत आलेले कुठेत?"

स्टोअर सांभाळणारे घुगे लगबगीने पुढे झाले. पुनर्वापराचा दाखला आज मिळाला नाही, तर परदेशी ऑर्डर हातची जाणार होती आणि तिच्यामागोमाग घुगेही.

"मॅडम, हेच ते! तुम्ही येणार म्हणून पहाटेपासून अख्खं खातं ॲसिड, साबण घेऊन घासतंय. तळ बघा, दर फेरीला तापल्या खिळ्याने डाग दिलाय."

बाईंनी चष्मा चढवून डाग मोजले. सहा भरले. तेव्हा कुठे त्या हसल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"छान हो. आणि घासल्यावर ते पाणी कुठे सोडलंत?"

सगळं खातं घुग्यांकडे बघू लागलं. घुग्यांची नजर मात्र, नको नको म्हणताना, खिडकीबाहेर गेली. तिथे ओढा फेसाने पांढराशुभ्र वाहत होता.