रक्तदात्याचा अर्ज

अवूरने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि पुन्हा लावला. रक्ताच्या लाल पेशी रिकाम्या होत्या. मलेरियाच्या जंतूची ती जांभळी अंगठी एकीतही नव्हती. आठ महिने ती याचीच वाट पाहत होती. जंतूचं एक जनुक तिने बंद पाडलं होतं. त्याच्यावाचून जंतू मेला, तर नव्या औषधाने नेम कुठे धरायचा ते सापडलं. आनंद इतका झाला, की तो कुणाला सांगावा हेच तिला सुचेना. ईस्टरच्या सुट्टीत किसुमू शहरातली ही प्रयोगशाळा ओस पडली होती.

दुपारी ओकेयो गावाहून परतला. बत्तीस वर्षं हे जंतू पोसत आलेला म्हातारा. हातात उकडलेल्या शेंगांची पुडी.

"काय म्हणतात तुझी लेकरं?"

"मेली, बाबा. एकूण एक."

"म्हणून आई एवढी हसतेय होय!" त्याने शेंगा पुढे केल्या. "आणि जोडीच्या बाटलीतली? ज्यांना तू हात लावला नव्हतास ती?"

ती बाटली पाहायची हर्षाच्या भरात राहूनच गेली होती. तिने थेंब काढला, रंगवला, पाहिला. तिथेही सगळं रिकामं. जे जगायला हवे होते, ते जंतूही मेले होते.

"रक्त कुणाचं घातलंस?" ओकेयोने हळूच विचारलं. जंतूंना माणसाचं ताजं रक्त लागतं, त्यांना सणवार कळत नाही.

"माझं. सुट्टीत द्यायला कोण येणार?"

"गोळ्या घेतल्या होत्यास?"

पंधरा दिवसांपूर्वी तिला ताप भरला होता. खोलीला कडी लावून तीन दिवस मलेरियाच्या गोळ्या गिळल्या, चौथ्या दिवशी कामावर. ते औषध रक्तात कितीतरी दिवस रेंगाळतं, हे ती प्रत्येक रक्तदात्याला बजावायची. स्वतःला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. आठ महिने मातीत गेले होते.

ओकेयो चिडला नाही. कपाटातून एक कोरा अर्ज काढून, स्टूल ओढून तो समोर बसला.

"नाव?"

"बाबा, बैल गेला आणि झोपा केला. आता कशाला?"

"नाव सांग."

"अवूर."

"महिन्याभरात ताप?"

"येऊन गेला."

"गोळ्या?"

"घेतल्या."

त्याने दोन्ही चौकटींत खुणा केल्या.

"तापात पाणी कोण देत होतं?"

हा प्रश्न अर्जावर नव्हता. ओकेयो पेन धरून थांबला होता.